आईच्या उंचीला क्लासिक ३५०ची बॅकरेस्ट कशी जुळवायची?

रंकाळा_ते_राजापूर
नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०, २०२२चं मॉडेल. चालवते मी, मागे आई. आईची उंची ४ फूट ९ इंच, वजन ४६ किलो. ती निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघी सवड मिळाली की कोकणात उतरतो. कधी आंबा घाट, कधी गगनबावड्याहून करूळ. तिला मागे नीट टेकून बसता यावं म्हणून बाजारातून बॅकरेस्ट लावून घेतली. दुकानदार म्हणाला, "युनिव्हर्सल आहे ताई, कुणालाही बसते." गाडीला बसली, आईला बसत नाही.

आई पाय फूटरेस्टवर नीट टेकवून बसली की तिची पाठ आणि पॅड यांच्यात माझी अख्खी हाताची पसरलेली बोटं जातात. टेकायला मागे सरकली की पाय सुटतात, नुसते चवडे लागतात. वर पॅड तिला उंच पडतं. वरची कड बरोबर खांद्याच्या फऱ्यांवर येते. परवा घरी आल्यावर तिने पाठ दाखवली, रेक्झिनच्या शिवणीचा आडवा वळ उठला होता.

रचना अशी आहे: दोन उभ्या दांड्या मागच्या लोखंडी ब्रॅकेटला बोल्टने बसवल्यात, आणि पॅडची प्लेट दांड्यांना चार बोल्टांनी. उंचीसाठी तीन भोकं आहेत, मी सगळ्यात खालच्या भोकात आहे. पुढे-मागे करायची सोयच नाही. दुकानदार म्हणतो काकूंना उशी द्या. उशी दिली, ती आंब्याच्या पहिल्याच मोठ्या वळणाला सरकून बाहेर आली.

दांड्या वाकवून पॅड पुढे आणावं, की पॅडच जाड करावं? कुणी केलंय का?

सुसाट_सांगली
वेल्डिंगवाल्याकडे जा, दांड्या गरम करून पुढे वाकवून देईल. अर्ध्या तासाचं काम. आमच्याकडे सगळे असंच करतात.

उद्यमनगर_लेथ
सुसाटभाऊ, नका हो असं सांगू. गॅसने लाल करून वाकवलेल्या पाइपाचा बाक आतल्या बाजूला चेपतो आणि ताकद तिथंच जाते. वरून क्रोम उडतं, गंज तिथूनच सुरू. आणि दोन्ही दांड्या अगदी सारख्या वाकत नाहीत. एक दोन-तीन मिलिमीटर पुढे राहिली तरी पॅड तिरकं बसतं, मग माणसाची पाठ दिवसभर एका बाजूला पिळते.

ताई, तुमचं काम वाकवण्याचं नाहीच. पॅडची प्लेट आणि दांडी यांच्या मध्ये स्पेसर घाला. स्पेसर म्हणजे जाड भिंतीच्या पाइपाचा तुकडा, दोन्ही तोंडं लेथवर सरळ कापलेली. चारही एकाच मापाचे. लेथवर दहा-पंधरा मिनिटांत निघतात. तुम्ही कोल्हापूरच्याच दिसता, शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला बोल्ट नेऊन दाखवा, तो समजेल.

यात लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिलं, वॉशरची चळत लावतात किंवा रबराचे बुश घालतात. रबर दबतं, बोल्ट ढिला पडतो. स्पेसर लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचाच हवा. दुसरं, बोल्ट जुनेच ठेवतात. स्पेसर ५० मिलिमीटरचा घातला तर बोल्टही ५० मिलिमीटरने लांब लागणार. एम८चा (८ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट असेल तर नटाच्या पूर्ण जाडीत आटे गुंतले पाहिजेत आणि एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. बोल्ट ८.८ ग्रेडचा घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, आणि एकदा काढलेला नायलॉक परत वापरू नका.

सुसाट_सांगली
आटे, ग्रेड, लेथ… रॉकेट सोडायचंय का काकूंना? :)

उद्यमनगर_लेथ
काकू मागे टेकल्यात आणि गाडी घाट चढतेय. चार बोल्टांवर माणूस आहे. एवढं तर करायलाच हवं.

कणा_ताठ
मी फिजिओथेरपिस्ट आहे. लेथवाल्यांचं बरोबर आहे, पण त्यांच्याकडे जायच्या आधी माप घ्यायला हवं, आणि ते आईच्या अंगावरून घ्यायला हवं.

बॅकरेस्टने खांदे धरायचे नसतात, कंबर धरायची असते. कंबरेत मणक्याला आत जाणारा बाक असतो, पॅडचा मधला भाग तिथे आला पाहिजे. शोधायला सोपं आहे. दोन्ही हात कमरेवर ठेवून कंबरेच्या हाडाची वरची कड चाचपा. दोन्ही अंगठे मागे जिथे मणक्यावर भेटतात तो साधारण कंबरेचा चौथा मणका. पॅडचा मध्य त्याच्या जरासा वर. पाच फूट आठ इंचाच्या माणसाच्या मानाने आईच्या अंगात ही जागा सीटपासून बरीच खाली असणार. युनिव्हर्सल पॅड नेमकं इथे फसतं.

आता तुमचं पॅड वर खुपतंय त्याचं. फऱ्यांवर दाब आला की खांदे पुढे ढकलले जातात, हनुवटी पुढे जाते, आणि तुम्ही ब्रेक मारला की आईचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं. होतंय ना?

रंकाळा_ते_राजापूर
अहो, सतत होतंय! मला वाटत होतं आईला डुलकी लागते म्हणून.

एकटाच_बरा
वेगळं मत मांडतो, राग नसावा. बॅकरेस्ट काढूनच टाका. मागे टेकलेला माणूस गाडीबरोबर झुकत नाही, सैल बसतो. त्यापेक्षा चालवणाऱ्याची कंबर धरून बसणारा पिलियन कधीही बरा. आमच्या वडिलांनी राजदूतवर आईला मागे बसवून सगळा सातारा जिल्हा दाखवला, कसली बॅकरेस्ट नि कसलं काय.

भाग्यश्री_म
एकटाच_बरा, तुमच्या आईंना कधी विचारलंत का त्यांची पाठ कशी होती ते? मी मागे बसणारी आहे म्हणून सांगते. आधार नसेल तर प्रत्येक वेळी गाडी पुढे खेचली की पोटाच्या स्नायूंनी स्वतःला धरून ठेवावं लागतं. पुण्याहून महाबळेश्वरला पोचेपर्यंत पोट आणि मांड्या भरून येतात. आणि वयस्क बाईने तासन्‌तास पुढच्याची कंबर घट्ट धरून ठेवायची ही अपेक्षा बरोबर नाही. हातालाही विसावा लागतो.

मात्र तुमचा एक मुद्दा मला पटतो. टेकून अगदी लोळायला नको. माझ्या पाठीत आणि पॅडमध्ये, मी ताठ बसले की, दोन बोटांचं अंतर असतं. खड्डा आला की पॅड पाठीत ठोसत नाही आणि गाडी सुटली की लगेच आधार मिळतो. अगदी चिकटवून पॅड बसवलं तर ते तुम्हाला सारखं पुढे लोटत राहतं.

एकटाच_बरा
दोन बोटांचं अंतर हे पटलं. पण हात एक तरी पुढच्यावर असावा, यावर मी ठाम आहे.

कणा_ताठ
+१, दोघांनाही. ताठ बसल्यावर दोन बोटं, सैल झाल्यावर टेकायला मिळेल. म्हणजे ताईंनी मोजलेल्या फटीतून दोन बोटं वजा करा, उरेल तेवढा स्पेसर.

लुगडं_आणि_लेह
माझी सासू साडीत एका बाजूला बसते, तिला बॅकरेस्टचा उपयोग डाव्या कोपराला टेकू म्हणून. पाय डावीकडे सोडले की गाडीचं मागचं टोक तिच्या डाव्या हाताला येतं ना. तिच्यासाठी पॅड पुढे आणलं तर बसायची जागाच कमी होते. तेव्हा ज्यांच्या घरी दोन्ही प्रकारे बसणारी माणसं आहेत त्यांनी पॅड पटकन निघेल असं करून घ्या. आणि साडीवाल्यांनी बॅकरेस्टच्या नादात साडीगार्ड काढू नका. मागच्या चाकाचं झाकण, पिलियनला धरायची पकड आणि फूटरेस्ट या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमात आहेत, हौसेच्या नाहीत.

नवा_बाबा
या निमित्ताने विचारतो. मुलगा साडेतीन वर्षांचा. बॅकरेस्ट लावली तर बायको आणि मी यांच्या मध्ये न बसवता त्याला मागे एकटा बसवता येईल का? बॅकरेस्टला पट्ट्याने बांधून?

वकिली_वही
नाही. अजिबात नाही. फेब्रुवारी २०२२च्या अधिसूचनेने नियम १३८ मध्ये भर पडली, ती वर्षभराने लागू झाली. चार वर्षांखालच्या मुलासाठी सेफ्टी हार्नेस लागतो. तो मुलाच्या अंगात जॅकेटसारखा असतो आणि त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यांत अडकवायचे असतात. ३० किलोपर्यंत वजन पेलेल असा तो असावा. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४०च्या वर नाही.

म्हणजे मूल माणसाला जोडायचं आहे, गाडीला नाही. गाडी पडली तर माणूस आणि गाडी वेगळे झाले पाहिजेत. बॅकरेस्टला बांधलेलं मूल गाडीबरोबर घासत जाईल. तसंच "दोघांच्या मध्ये मूल" हेही लक्षात घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ चालवणाऱ्याखेरीज एकाच माणसाची मुभा देतं.

नवा_बाबा
बरं झालं विचारलं. धन्यवाद.

भाग्यश्री_म
हेच मोठ्यांनाही लागू. डोळा लागतो म्हणून आजीला सामानाच्या इलॅस्टिक दोरीने बॅकरेस्टला बांधलेलं मी स्वतः हायवेवर पाहिलंय. झोप येत असेल तर थांबा, चहा घ्या.

डेट्रॉईटकर
इकडे मोठ्या टूरिंग गाड्यांचं सांगतो, गंमत वाटेल. होंडा गोल्डविंगच्या टूर मॉडेलात २०२१ साली मागच्या बॅकरेस्टचा कोन १६.५ अंशांवरून २४.५ अंशांवर नेला आणि पॅडही मोठं केलं. माझ्यासारख्या सहा फुटी माणसाला ते आरामखुर्चीसारखं. बायको ५ फुटांची, तिच्या दृष्टीने पॅड आणखी मागे गेलं. इतकी महाग गाडी, पण शेवटी आम्हीही पुढून वेगळी जाड गादी लावून घेतली. इकडे हार्लेवाले तरी उभ्या दांड्या आखूड-लांब आणि पॅड लहान-मोठी वेगवेगळी विकतात, त्यातून जुळवायची. तेव्हा रंकाळाताई, तुमची तक्रार जगभरची आहे.

गादीवाला_नाना_पेठ
धागा उशिरा बघितला. माझं सीटचंच काम आहे, तीस वर्षं झाली म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पॅड जाड करून प्रश्न सुटतो, पण थोड्याच मापापर्यंत. साधा मऊ स्पंज तुम्ही चार इंच जरी भरलात तरी टेकल्यावर तो एक इंचाचा होतो. आणि उन्हाळ्यात रेक्झिन तापलं की आणखी बसतो. मागच्या बाजूला रिबॉन्डेड, म्हणजे तुकड्यांचा दाबलेला कडक फोम, आणि पाठीच्या बाजूला वरून अर्धा-पाऊण इंच मऊ थर. असं केलं तर दीड इंचापर्यंत पॅड पुढे येतं आणि टिकतं. त्याच्यापुढे हवं असेल तर लेथवाले म्हणतात तसे स्पेसर.

शिवणीबद्दल. वरच्या कडेला आडवी शिवण असेल तर ती पाठीला लागणारच. माझ्याकडे आणलं तर मी शिवण पॅडच्या मागच्या बाजूला वळवून घेतो, पुढचा भाग एकसंध राहतो. कापड जरा जास्त लागतं, बाकी काही नाही. तुमचं पॅड वरून दोन इंच कापून पण देता येईल. आतली फळी प्लायची असेल तर करवतीने कापून कडा गोल करायच्या. पॅड लहान माणसाला लहानच असावं.

उद्यमनगर_लेथ
वरून कापायचं हे उत्तम, नानांशी सहमत. पॅड खाली आलं की दांड्यांवरचा ताणही घटतो. समजा काकू टेकल्या आणि पॅडवर २० किलोचा रेटा आला. पॅडचा मध्य ब्रॅकेटच्या बोल्टांपासून ४० सेंटिमीटर वर असेल तर खालच्या बोल्टांवर जो पीळ येतो, तो २५ सेंटिमीटरला आणलं की एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. बाजारातल्या बॅकरेस्ट मोडतात त्या बहुतेक खालच्या वेल्डातच मोडतात. पावसाळ्यानंतर तिथे रंगाला बारीक भेग दिसते का बघत जा. भेग दिसली तर त्या दिवसापासून टेकणं बंद.

पॅड पुढे आणल्याने मागे टेकताना दांडीवर फरक पडत नाही. फरक पडतो तो चढता-उतरताना पॅड धरून लोंबकळलं तर. तेव्हा काकूंना सांगा, पॅड धरून चढू नका.

रंकाळा_ते_राजापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी कामाला लागले. गाडी मेन स्टँडवर घेतली, भाऊ पुढे हँडल धरून उभा, आई नेहमीच्या बुटांत आणि हेल्मेट घालून मागे, मी पुढे. आईला म्हटलं आधी पाय फूटरेस्टवर नीट ठेव आणि मग आरामात बस, बॅकरेस्टकडे बघूच नकोस. पाठीमागे खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक लावत गेलो. ती "बास" म्हणाली तेव्हा पुठ्ठे साडेनऊ सेंटिमीटर झाले होते. दोन बोटं सोडून साधारण साडेसहा सेंटिमीटर. कमरेवर अंगठे ठेवून जागा शोधली तर ती आत्ताच्या पॅडच्या चक्क खालच्या कडेला येते!

अडचण एकच दिसतेय. आई साडेसहा सेंटिमीटर पुढे आली की मला जागा कमी. मी ५ फूट ६ इंच.

सुसाट_सांगली
हे मात्र मलाही झालं होतं. मी पुढच्या सीटच्या नाकाशी जाऊन बसायचो, मनगटं दुखायची. चालवणाऱ्याची जागा गेली तर त्या बॅकरेस्टचा काय उपयोग.

कणा_ताठ
मग सगळं अंतर पॅडकडून घेऊ नका, थोडं फूटरेस्टकडून घ्या. आईचे पाय आखूड आहेत म्हणून तिला पुढे सरकावं लागतं. पायाखाली दीड-दोन सेंटिमीटर उंची दिली की ती तेवढी मागे बसूनही पाय पूर्ण टेकवू शकते. जाड तळव्याचे बूट, किंवा फूटरेस्टवर चढणारं जाड रबर. फक्त फूटरेस्ट पूर्वीसारखा वर दुमडला पाहिजे आणि रबर फिरता कामा नये. मग पुन्हा पुठ्ठे लावून बघा.

भाग्यश्री_म
मागचे शॉकही बघा ताई. क्लासिकला मागे सहा टप्प्यांचं प्रीलोड असतं, म्हणजे शॉकची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. आधी कुणी जड माणूस बसत असेल तर ते कडक केलेलं असू शकतं. ४६ किलोच्या माणसाला कडक शॉक म्हणजे प्रत्येक खड्डा पाठीत. एक-दोन टप्पे सैल करा, दोन्ही बाजूंना सारखंच.

रंकाळा_ते_राजापूर
शॉक खरंच चौथ्या टप्प्यावर होते! भाऊ ९० किलोचा, त्याचंच काम असणार. दुसऱ्यावर आणले.

एकटाच_बरा
चढण्या-उतरण्याचं कुणी बोललं नाही. बॅकरेस्ट असली की ठेंगण्या माणसाला पाय वरून टाकता येत नाही. आधी चालवणाऱ्याने बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक धरलेला. मग पिलियनने डावा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर ठेवून डाव्या फूटरेस्टवर उभं राहायचं आणि उजवा गुडघा दुमडून चालवणाऱ्याची पाठ आणि पॅड यांच्या मधून पलीकडे न्यायचा. आधी सांगायचं, "चढते" म्हणून. न सांगता चढलं की गाडी डावीकडे कलते. पॅड पुढे आणल्यावर ही फट अजून कमी होईल, तेव्हा स्पेसर पक्के करायच्या आधी आईंना दोन-चार वेळा चढून-उतरून बघू द्या.

लुगडं_आणि_लेह
हे फार कामाचं सांगितलंत. वाचनखूण साठवली.

रंकाळा_ते_राजापूर
झालं एकदाचं. आधी जाड रबर फूटरेस्टवर चढवलं, मग पुन्हा माप घेतलं तर साडेचार सेंटिमीटरवर आलं. पॅड इथल्याच एका सीटवाल्या काकांकडे नेलं. नाना पेठेतल्या नानांचा प्रतिसाद त्यांना फोनवर वाचून दाखवला, ते म्हणाले, "बरोबर सांगतोय माणूस." त्यांनी वरून दोन इंच कापलं, मागून कडक फोमने दीड सेंटिमीटर वाढवलं आणि शिवण मागे वळवली. उरलेल्या तीन सेंटिमीटरचे स्पेसर उद्यमनगरात करून घेतले. प्लेटला वर दोन नवी भोकं पाडून पॅड आणखी उतरवलं. दांड्यांना हात लावला नाही.

कालच गगनबावड्याला जाऊन आलो. आईचं हेल्मेट माझ्यावर आदळलं नाही, आणि माझी जागा जेमतेम पण पुरेशी आहे. आई म्हणते पॅडचा कोन अजून किंचित मागे हवा, वरची कड जरा आधी लागते.

उद्यमनगर_लेथ
उत्तम! कोनासाठी वरचे दोन स्पेसर तीन मिलिमीटरने कमी करून घ्या, खालचे तसेच. बोल्ट तिरका बसू नये म्हणून नटाखाली निमुळता वॉशर टाकायला सांगा. शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नवा फोम आणि नवा रंग दोन्ही थोडे बसतात. आवळल्यावर नटावर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय.

कणा_ताठ
आणि तासा-दीड तासाने दोघींनी उतरून चालायचं. पॅड कितीही जुळलं तरी.

गादीवाला_नाना_पेठ
कोल्हापूरच्या त्या काकांना नमस्कार सांगा.

मुक्काम_पोस्ट_मिरज
नवीन सभासद आहे, सगळा धागा वाचला. माझ्याकडे बजाजची अ‍ॅव्हेंजर आहे, तिची बॅकरेस्ट कंपनीचीच. बायको ४ फूट ११ इंच. तिला पुढे-मागे बरोबर येतं, फक्त पॅड वर पडतं. स्पेसर लागेल का?

उद्यमनगर_लेथ
नाही. पुढे-मागे बरोबर असेल तर त्याला हात लावू नका. पॅड उतरवून प्लेटचा फोटो टाका, वर भोक पाडायला जागा आहे का ते बघू.